बारा मुली आणि एक अपील

भावना मेश्रामकडे तीन जाकिटं आहेत. तिन्हींच्या छातीवर वेगवेगळ्या कॉलेजांची नावं आणि पाठीवर एकच शब्द, कोच. पहिल्या जाकिटावरचं कॉलेज आता अस्तित्वात नाही. दुसऱ्यावरचं आहे, पण तिथला संघ नाही. तिसरं ती सध्या घालते.

भावनाचा धंदा नवे संघ उभे करण्याचा. खेळ लॅक्रॉस, मुलींचा. काठीच्या टोकाला जाळीची ओंजळ असते, त्यात रबराचा कडक चेंडू झेलायचा, धावत न्यायचा आणि समोरच्या गोलात मारायचा. एका बाजूला बारा मुली, त्यातली एक गोलकीपर. अमेरिकेतल्या लहान कॉलेजांना विद्यार्थी कमी पडू लागले की ती नवे खेळ सुरू करतात. खेळायला म्हणून तरी मुलं येतील, हा हिशोब. अशा वेळी कोणीतरी लागतं, ज्याला रिकाम्या मैदानाकडे बघून घाम फुटत नाही. भावनाला फुटत नाही. तिचं काम संपतं तेव्हा मैदान पुन्हा रिकामं झालेलं असतं, हा भाग वेगळा.

पहिला संघ तिने पेनसिल्व्हेनियात उभा केला. दोन वर्षांत संघ जिंकायला लागला आणि कॉलेज बंद पडलं. दुसरा न्यूयॉर्क राज्याच्या उत्तरेला. तिथे तिसऱ्या वर्षी मैदानाचं पार्किंग झालं आणि कॉलेजने व्हिडिओ गेम खेळणाऱ्यांचा संघ काढला. त्या संघाला पावसाची अडचण नव्हती आणि कोणाचे गुडघे दुखत नव्हते.

"दोन कॉलेजं खाल्लीस," तिची आई कमला म्हणाली. "आता तिसरं."

"आई, मी नाही खाल्ली. ती आधीच आजारी होती."

"मग तू काहून जातेस आजाऱ्याच्या घरी?"

मेश्राम कुटुंब नागपूरहून न्यू जर्सीला आलं तेव्हा भावना अकरा वर्षांची होती. वडील दादाराव औषधांच्या कंपनीत रसायनशास्त्रज्ञ होते. आता निवृत्त आहेत आणि जर्सी सिटीतल्या सोळाव्या मजल्यावरून येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्या मोजतात. नागपुरात भावना खो-खो खेळायची. इथल्या शाळेत खो-खो नव्हता, म्हणून व्यायामाच्या बाईंनी तिच्या हातात ही काठी दिली. दादारावांनी काठी उलटसुलट करून पाहिली आणि विचारलं, "याला स्कोप आहे का?" भावना आता एकोणचाळीस वर्षांची आहे आणि दादाराव अजून उत्तराची वाट पाहत आहेत.

तिसरं कॉलेज म्हणजे ब्रायर हिल. न्यू जर्सीच्या वायव्येला, जर्सी सिटीहून गाडीने चाळीस मिनिटांवर. एकूण अकराशे विद्यार्थी, त्यात मुली पाचशे वीस. क्रीडा विभागाचा प्रमुख डग हॅलोरन हा शांत, उंच आणि मोजणारा माणूस. आधी तो एका जिल्ह्यातल्या शाळांच्या बसेस सांभाळायचा, आणि बस सुटण्याआधी डोकी मोजायची सवय त्याच्या बोटांत राहिली होती. त्याने भावनाला पहिल्याच दिवशी एका कागदावर अट लिहून दिली. पहिल्या हंगामात आठ सामने. आठही सामन्यांत सुरुवातीची शिट्टी वाजताना बारा मुली मैदानावर दिसल्या पाहिजेत. एकदाही कमी पडल्या तर पुढच्या वर्षी संघ नाही.

"नियमाप्रमाणे कमी मुलींनीही खेळता येतं," भावना म्हणाली.

"नियम त्यांचा," डग म्हणाला. "अट माझी."

"आणि हरलो तर?"

"हराल तर तुम्ही नक्कीच," तो म्हणाला. "मी फक्त मोजणार आहे."

ऑक्टोबरपर्यंत तिने तेरा मुली जमवल्या. जेवणाच्या हॉलच्या दारात ती काठी घेऊन उभी राहायची आणि ट्रे घेऊन येणाऱ्या प्रत्येक मुलीला विचारायची. यामिनी गजभिये मात्र एडिसन गावी धम्मचक्र प्रवर्तन दिनाच्या कार्यक्रमात सापडली, जेवणाच्या रांगेत. भावना तिथेही काठी घेऊन गेली होती. रांगेतल्या एका काकांनी जाळीत बोट घालून पाहिलं आणि हे मेडिकलच्या ॲडमिशनला उपयोगी पडतं का, असं विचारलं. यामिनीने मात्र काही विचारलं नाही. ती ब्रायर हिलमध्येच जीवशास्त्र शिकत होती, चारशे मीटर धावायची, आणि रांगेत तिच्यामागे उभ्या असलेल्या आईला म्हणाली, "मी करते हे, you get a free jacket." भावनाने तिला तिथेच कर्णधार करून टाकलं.

तेरा झाल्या, पण गोलकीपर एकही नाही. ताशी साठ मैल वेगाने अंगावर येणाऱ्या रबरी चेंडूसमोर उभं राहायला कोणी तयार होत नाही, यात नवल नाही. मुली धावायला तयार होत्या, पडायला तयार होत्या. गोलात उभं राहायचं म्हटलं की प्रत्येकीला पाठदुखी आठवायची.

त्याच महिन्यातल्या एका रविवारी आईवडिलांकडे जाताना भावना सिग्नलला थांबली. रस्त्याकडेच्या मैदानावर टेनिस बॉलचं क्रिकेट चाललं होतं. पोट सुटलेले दहा पुरुष, पाठीवर 'हडसन मावळे' लिहिलेले केशरी टीशर्ट, आणि स्टंपांमागे एक मुलगी. एक चेंडू टप्पा पडून उसळला आणि थेट तिच्या बरगडीवर बसला. मुलगी हलली नाही. चेंडू उचलून तिने बोलरकडे फेकला आणि वर म्हणाली, "संजीवकाका, लाइन बघा जरा."

सिग्नल हिरवा झाला, पुन्हा लाल झाला. भावनाने गाडी कडेला लावली.

"कुठल्या कॉलेजात आहेस?"

"तुमच्याच," मुलगी म्हणाली. तिचं नाव सावनी लिमये. "मी तुम्हाला रोज बघते कोच, डायनिंग हॉलच्या डोअरला. मी मागच्या डोअरने जाते."

सावनीचा होकार मिळवायला दहा मिनिटं लागली. तिच्या वडिलांचा मिळवायला तीन महिने. प्रसाद लिमये मॅनहॅटनमध्ये एका बँकेचे डेटाबेस सांभाळतो आणि रविवारी हडसन मावळ्यांचा कप्तान असतो. अभ्यास, दुखापत, मुलीची जात, लोक काय म्हणतील, या सगळ्यांची उत्तरं भावनाने गेल्या पंधरा वर्षांत पाठ केली होती. त्यातलं एकही उपयोगी पडलं नाही.

"अभ्यासाचं तिचं ती बघेल," प्रसाद जानेवारीत स्वतःच्या घरी चहा ओतत म्हणाला. "प्रश्न असा आहे, की तुम्ही माझा कीपर घेऊन चाललाय."

"सामने शनिवारी असतात, प्रसाददादा. तुमचं रविवारी."

"शनिवारी चेंडू खाऊन ती रविवारी झोपली तर? निमिषला स्टंपामागे उभं करू? गेल्या वर्षी त्याने एका इनिंगमध्ये एकोणतीस बाय दिले. शिवाय कंबर धरली ती वेगळी."

"ज्या रविवारी ती येणार नाही, त्या रविवारी मी उभी राहते."

प्रसादने कप खाली ठेवला. "तुम्ही कीपिंग केलंय?"

"नाही."

"पण चेंडूला घाबरत नाही?"

"नाही."

"मग निमिषपेक्षा बऱ्या," प्रसाद म्हणाला, आणि चिवड्याची बशी पुढे सरकवून करार पक्का केला.

पहिला सामना फेब्रुवारीच्या शेवटच्या शनिवारी झाला. मैदानाच्या कडेला बर्फाचे ढीग होते. डगने कागदी कपातली कॉफी डाव्या हातात घेऊन उजव्या हाताच्या बोटाने मुली मोजल्या, बारा भरल्या, आणि मग त्याने सामन्याकडे फारसं पाहिलं नाही. नाहीतरी पाहण्यासारखं थोडंच होतं. सातव्या मिनिटाला सहा गोल झाले होते. आठव्या मिनिटाला समोरची मुलगी एकटी घुसली, तिने जीव खाऊन चेंडू मारला, आणि सावनीने तो डाव्या खांद्याजवळ अलगद झेलला. भावना बाकावरून उठली. असा झेल तिने दहा वर्षांत पाहिला नव्हता.

पुढे काय करायचं हे सावनीला शिकवलेलं होतं. चेंडू अडवला की दहा सेकंदांच्या आत तो गोलभोवतीच्या वर्तुळाबाहेर, आपल्या मुलीकडे द्यायचा. खेळ थांबत नाही. पण सावनी वयाच्या बाराव्या वर्षापासून स्टंपांमागे उभी राहत आली होती, आणि तिथे झेल घेतल्यावर एकच गोष्ट करायची असते. तिने चेंडू हवेत उडवला, दोन्ही हात वर केले, पंचांकडे वळली आणि सबंध मैदानाला ऐकू जाईल अशा आवाजात अपील केलं. चेंडू खाली पडला. समोरच्या मुलीने तो उचलला आणि रिकाम्या गोलात टाकला.

पंच म्हणजे जवळच्या एका शाळेतून निवृत्त झालेल्या व्यायामाच्या बाई. त्या मध्यंतरात भावनाकडे आल्या.

"तुमची गोलकीपर मला काहीतरी विचारत होती."

"ती विचारत होती, आउट आहे का."

"कोण?"

भावनाने त्यांच्यापुढे पाण्याची बाटली धरली.

संघ एकवीस-एक असा हरला. सावनीने एकूण पाच वेळा अपील केलं. प्रत्येक वेळी गोल झाला.

सोमवारपासून भावनाने नियम काढला. सावनीने झेल घेतल्यावर तोंडातून आवाज काढला की सगळ्या संघाने मैदानाला एक फेरी मारायची. पहिल्या दिवशी चौदा फेऱ्या झाल्या.

"सावनी, यार, प्लीज," यामिनी गुडघ्यांवर हात ठेवून म्हणाली. "तोंडात रुमाल कोंब."

"मी मुद्दाम करत नाही. It just comes out."

"मला पण काहीतरी कम आउट होणारे आता."

दुसऱ्या आठवड्यात नऊ फेऱ्या, चौथ्यात तीन. भावना गोलामागे उभी राहून एकच वाक्य म्हणत राहायची, "झेल, बघ, दे. बोलायचं नाही." सहाव्या आठवड्यात सावनीने एका सामन्यात अकरा चेंडू अडवले आणि अकराही वेळा तोंड मिटून चेंडू पुढे दिला. संघ तेवढा नऊ-पाच हरला. कडेला उभा असलेला प्रसाद मात्र चिंतेत पडला होता.

"हिचा आवाज कुठे गेला?" त्याने विचारलं.

"घालवला," भावना अभिमानाने म्हणाली.

एप्रिलमध्ये क्रिकेट सुरू झालं. एका रविवारी सावनीची परीक्षा होती म्हणून भावना कराराप्रमाणे स्टंपांमागे उभी राहिली. तिने चार बाय दिले, एक झेल घेतला, आणि तिथल्या नियमाप्रमाणे करायचं असतं ते अपील केलं नाही म्हणून संजीवकाका तिच्याशी अर्धा तास बोलले नाहीत. त्या दिवशीच तिला पुढचं दिसायला हवं होतं. दिसलं नाही.

सात सामने झाले. सातही हरले, सातही वेळा डगने बारा मोजल्या. आठवा आणि शेवटचा सामना मे महिन्याच्या पहिल्या शनिवारी होता. शुक्रवारी एका मुलीच्या अक्कलदाढा काढल्या, दुसरी पायरीवरून घसरली. चौदातल्या बारा उरल्या, सावनी धरून. भावनाने हिशोब केला, बरोबर बारा. मग शनिवारी मुसळधार पाऊस झाला आणि सामना रविवारी सकाळी अकरावर गेला.

रविवारी सकाळी आठ वाजता हडसन मावळ्यांची सेमीफायनल होती.

"करार," प्रसाद फोनवर म्हणाला. "सावनी नसेल तर तुम्ही."

"प्रसाददादा, माझा स्वतःचा सामना आहे."

"मग सावनी. अहो, अकरा वर्षांत आम्ही पहिल्यांदा सेमीला पोचलोय. संजीवने रक्तदाबाची गोळी वाढवून घेतलीय. निमिषला मागे उभा केला तर तो माणूस मैदानावरच जाईल."

"माझा संघ बंद होईल."

तेवढ्यात फोनमध्ये सावनीचा आवाज आला, "मी दोन्ही करते. बाबा, तुम्ही ड्राइव्ह करा."

हिशोब असा होता. बारा-बारा ओव्हर, आठला सुरुवात, मैदान ओलं असल्याने थोडा उशीर. क्रिकेट साडेदहा-पावणेअकराला संपणार. पुढे चाळीस मिनिटं रस्ता. म्हणजे सावनी लवकरात लवकर अकरा वाजून दहा मिनिटांनी पोचणार, बहुधा वीसला. डग अकराला मोजणार.

भावनाकडे एकच उपाय होता, आणि तो नियमात बसत होता. सामन्याआधी पंच प्रत्येक काठी तपासतात. चेंडू जाळीत ठरावीक मापापेक्षा खोल बसता कामा नये. दहा वाजता तिने मुलींना गोळा केलं आणि जाळ्यांच्या दोऱ्या सैल करायला सांगितल्या.

"किती?" यामिनीने विचारलं.

"पंचांना वाईट वाटेल इतक्या."

दहा पन्नासला निवृत्त व्यायामशिक्षिकेने पहिल्या काठीत चेंडू टाकला. तो पोत्यात बटाटा बसावा तसा बसला. बाईंनी काठी परत दिली. यामिनीने ती घेतली, अत्यंत दुःखी चेहऱ्याने दोरीची गाठ शोधली, सोडली, पुन्हा बांधली. दुसरी काठी. तिसरी. चौथ्या काठीला बाईंनी भावनाकडे पाहिलं. भावनाने ढगांकडे पाहिलं.

"अकरा," डग म्हणाला. तो वेळ सांगत नव्हता, तो मोजत होता.

"काठ्या तपासणं चाललंय," भावना म्हणाली. "शिट्टी वाजलेली नाही."

"नाही वाजली," डगने मान्य केलं आणि पुन्हा मोजलं. डगला भावनाचा राग नव्हता. बस सुटायची वेळ झाली होती आणि एक डोकं कमी होतं, एवढंच.

सहावी काठी अकरा वाजून दोन मिनिटांनी पास झाली. उरलेल्यांना आणखी पाचेक मिनिटं लागली असती. भावनाने मनातल्या मनात तिसरं जाकीट कपाटात टांगायला सुरुवात केली. तेवढ्यात पार्किंगमध्ये प्रसादची गाडी शिरली. खिडक्यांना केशरी टीशर्ट वाळत घातले होते. सावनी मागच्या सीटवरून गोलकीपरच्या पॅडसकट उतरली. वरचा टीशर्ट मात्र अजून मावळ्यांचाच होता. धावता धावता तिने त्यावर कॉलेजची जर्सी चढवली.

डगने बोट फिरवलं. "बारा," तो म्हणाला आणि कपातली कॉफी प्यायला. शिट्टी अकरा वाजून आठ मिनिटांनी वाजली.

"इतक्या लवकर कसे आलात?" भावनाने विचारलं.

प्रसाद बाकावर बसला. त्याच्या चेहऱ्याकडे पाहून, विचारायला नको होतं, असं तिला वाटलं.

"त्यांना एकशे दहा हव्या होत्या," प्रसाद म्हणाला. "सातवी ओव्हर. सहासष्टला सात आउट. त्यांचा मोठा बॅट्समन आठवर खेळत होता. संजीवने ऑफला टाकला, कट लागली, बारीक. सावनीने एका हातात घेतला. काय घेतला, म्हणून सांगू तुम्हाला. आणि लगेच पॉइंटला फेकून दिला आणि स्टंपामागून बाहेर पळाली."

"आणि अपील?" भावनाने विचारलं.

"अपील नाही. तोंडातून शब्द नाही. संजीव बूट बांधायला वाकलेला. स्लिपमध्ये निमिष म्हणतो, काही लागलं होतं का? अंपायर त्यांचा. तो म्हणाला, अपील झालं नाही, मी काय देऊ? बरोबर आहे त्याचं. नियम आहे." प्रसादने नाकावरचा चष्मा सारखा केला. "त्या माणसाने पुढच्या नऊ चेंडूंत चव्वेचाळीस मारले."

"तिला विचारलंत का?"

"गाडीत चाळीस मिनिटं विचारलं. म्हणाली, कोच म्हणते, झेल, बघ, दे. बोलायचं नाही."

मैदानावर सावनीने एक चेंडू अडवला आणि पुढे दिला. प्रसादने तो पाहिला, पण त्याचं डोकं दुसरीकडे होतं. डेटाबेस सांभाळणाऱ्या माणसाला कारणं आणि परिणाम जुळवल्याशिवाय चैन पडत नाही.

"तो आउट झाला असता," तो सावकाश म्हणाला, "तर मॅच बाराव्या ओव्हरपर्यंत गेली असती."

"हो."

"म्हणजे चार ओव्हर. वीस मिनिटं."

"बावीस," भावना म्हणाली. तिने ते आधीच जमवून पाहिलं होतं.

प्रसाद तिच्याकडे वळला. "तुम्ही हे मुद्दाम नाही ना केलंत?"

"प्रसाददादा, मला इतकं जमत असतं तर मी एखादा सामना जिंकले असते."

संघ सोळा-चार असा हरला. चार गोल हे शेवटच्या सामन्यासाठी काही वाईट नाहीत. पहिल्यात एकच होता. शेवटच्या मिनिटाला सावनीने एकदम जवळून आलेला चेंडू पोटावर घेतला, तोंड मिटून उचलला आणि यामिनीकडे दिला. त्या वेळी बाकावरून एक पुरुषी आवाज उठला आणि मैदानाच्या दुसऱ्या टोकापर्यंत गेला. प्रसाद उभा होता, दोन्ही हात वर. सकाळपासूनचं अपील त्याच्या पोटात अडकलं होतं, ते बाहेर पडलं. पंचबाई थांबल्या, वळल्या, त्याच्याकडे पाहिलं आणि मान हलवून नाही म्हणाल्या.

डग जाताना भावनाच्या हातात एक कागद देऊन गेला. पुढच्या वर्षी बारा सामने आणि किमान सोळा मुली. खाली ओळ होती: काठ्यांची तपासणी वेळेच्या वीस मिनिटं आधी पूर्ण व्हावी.

प्रसादनेही पार्किंगमध्ये नवा करार मांडला. पुढच्या हंगामात सावनी उपलब्ध असो वा नसो, रविवारी भावनाने स्लिपमध्ये उभं राहायचं आणि काहीही झालं तरी ओरडायचं. भावनाने मान्य केलं. निमिषला कोणीतरी पर्याय हवाच होता.

गाडीत बसल्यावर तिने घरी फोन लावला. कमलाने उचलला.

"झाली मॅच?"

"झाली. सोळा-चार."

"आपले किती?"

"चार."

कमलाने आवाज खाली करून, दादारावांना ऐकू जाऊ नये अशा बेताने विचारलं, "कॉलेज चालू आहे ना पण?"

"चालू आहे, आई."

"अहो," कमला फोन बाजूला धरून म्हणाली, "हे चालू आहे म्हणते."

"मोजून घे म्हणावं," दादाराव खिडकीजवळून म्हणाले.